माघ-फाल्गुनांतील बागकाम

शिशिर ऋतु सरत आला, म्हणजे आपल्या देहूरोडच्या परिसरांत एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. एकीकडे झाडांचीं जुनीं पानें गळत असतात, आणि दुसरीकडे पळस, पांगारा व काटेसावर हीं झाडें अंगावर पान नसतांना लाल-केशरी फुलांनीं भरून जातात. आठपंधरा दिवसांत पिंपळास तांबूस, तुकतुकीत पालवी फुटते. ज्या गांवीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्तें बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्या गांवीं पिंपळाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसूं लागतात, आणि गुढीपाडव्यास लागणारा कडुनिंबाचा कोंवळा पाला तयार होतो. पंचांगाप्रमाणें वसंत ऋतु चैत्रांत लागतो खरा. परंतु झाडें पंचांग पाहात नाहींत. त्यांचा वसंत माघाच्या अखेरीसच सुरू होतो. म्हणून बागेचीं पुष्कळ महत्त्वाचीं कामें माघ-फाल्गुनांत, म्हणजे स्थूलमानानें फेब्रुवारी व मार्च या दोन महिन्यांत करावीं लागतात. तीं कोणतीं, कां करावयाचीं, व चुकल्यास काय हानि होते, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बागकामावरील पुष्कळशीं पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं असतात. तेथें वसंत येतो तो बर्फ वितळल्यावर, आणि त्याच्या पुढें असतात सौम्य उन्हाचे व अधूनमधून पावसाचे दिवस. त्यामुळें वसंत लागतांच हिरवळ पेरावी, गुलाब खोडापर्यंत छाटावे, रोपें एका जागेवरून दुसरीकडे हलवावीं, असा उपदेश त्या पुस्तकांत आढळतो. आपला वसंत याच्या अगदीं उलट आहे. पुण्याच्या बाजूस फेब्रुवारींत दुपारचें उष्णतामान सरासरीनें ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें. मार्चमध्यें तें ३५-३६ पर्यंत चढतें, आणि एप्रिलमध्यें ३८ च्या घरांत जातें. लोकलगाडीनें तासाभराच्या अंतरावर असलेल्या लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पुण्यास तोच सातशेंच्या आसपास येऊन ठेपतो. आपण या दोहोंच्या मध्यें आहों. परंतु लोणावळा काय, देहूरोड काय, की पुणें काय, दिवाळीपासून मृगापर्यंत पाऊस तिन्ही ठिकाणीं नांवापुरताच. सारांश, त्यांचा वसंत हा वाढीच्या दिवसांचा दरवाजा आहे, व आपला वसंत हा परीक्षेच्या दिवसांचा.

आम्हीं स्वतः एके वर्षीं असल्याच एका पुस्तकाच्या भरंवशावर मार्च महिन्यांत घरचे गुलाब खोडापर्यंत छाटले. दोन आठवड्यांत कोंब फुटले खरे. परंतु एप्रिलच्या उन्हानें ते करपले, उघड्या पडलेल्या खोडांची साल तडकली, आणि पावसाळा लागेपर्यंत सात झाडांपैकीं दोनच हातीं राहिलीं. पुस्तक खोटें नव्हतें. तें दुसऱ्या देशाचें होतें. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरांत करावयाची असते, हें आम्ही त्या पांच झाडांच्या मोलानें शिकलों.

या बाबतींत डॉ. विल्यम केरी यांचें उदाहरण स्मरणीय आहे. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं प्रसिद्ध करणारे मिशनरी म्हणून ते आपणांस ठाऊक असतात. परंतु ते निष्णात वनस्पतिज्ञही होते, व १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था त्यांनींच स्थापन केली. विलायतेहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तींतील माती वायां जाऊं नये म्हणून त्यांनीं ती सावलीच्या एका जागीं झटकली, आणि कांहीं दिवसांनीं तेथें त्यांच्या मायदेशींच्या कुरणांतील डेझीचें एक रोपटें उगवलेलें पाहून त्यांस अत्यंत आनंद झाला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, माती झटकण्यास त्यांनीं जागा निवडली ती सावलीची. पुढें १८२३ सालीं दामोदर नदीच्या महापुरानें त्यांची श्रीरामपूर येथील बाग उध्वस्त केली, तेव्हां वयाच्या बासष्टाव्या वर्षीं त्यांनीं ती पुन्हां उभी केली. रोपावर प्रेम करावें, परंतु जागा व ऋतु ओळखून करावें, हा धडा त्यांच्या बागेपासून घेण्यासारखा आहे.

आतां बागेच्या सर्व उन्हाळी कामांच्या मुळाशीं असलेलें एकच तत्त्व सांगतों. झाड मुळांनीं पाणी शोषून घेतें, व तें पानांतून वाफेच्या रूपानें बाहेर टाकतें. जोंपर्यंत आंत येणें व बाहेर जाणें यांचा मेळ बसतो, तोंपर्यंत झाड टवटवीत असतें. खर्च जमेहून वाढला कीं तें सुकूं लागतें. फाल्गुनांत हवा कोरडी होते, वारा सुटतो, आणि खर्च एकाएकीं वाढतो. पानगळीचीं झाडें जुनीं पानें टाकून देतात ती याच खर्चाची काटकसर होय. आपणही बागेंत जें जें करावयाचें, तें या जमाखर्चाच्या दृष्टीनें करावें: आंत येणारें पाणी मुळांपर्यंत पोहोंचवावें, आणि बाहेर जाणारें शक्य तितकें थांबवावें. रोप उपटून दुसरीकडे लावलें असतां त्याचीं बारीक मुळें तुटतात, म्हणजे जमा घटते. म्हणून मार्चनंतर रोपें हलवूं नयेत, हा नियम याच तत्त्वांतून निघतो.

या दिवसांत पहिलें काम पालापाचोळ्याचें. अंगणांत पानांचा सडा पडला कीं तो झाडून त्याचा ढीग करावयाचा व त्यास काडी लावावयाची, अशी आपल्याकडे फार दिवसांची खोड आहे, व होळीच्या सुमारास तिला विशेष जोर चढतो. यांत तीन प्रकारें नुकसान आहे. धुरानें लहान मुलांस व वृद्धांस खोकला व दमा यांचा त्रास होतो. वाऱ्यानें ठिणगी उडून टेकडीवरील वाळलेल्या गवतास वणवा लागतो. आणि झाडानें वर्षभर कष्टानें जमविलेलें अन्न क्षणांत राख होतें. उघड्यावर असा कचरा जाळण्यास आतां कायद्यानेंही मनाई आहे. त्यापेक्षां हाच पाला खताच्या खड्ड्यांत घालावा.

खताची ही रीत शास्त्रशुद्ध करण्याचा मान आपल्या शेजारच्या इंदूर शहराकडे जातो. तेथील संशोधनसंस्थेंत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं ज्या प्रयोगांनीं कंपोस्टची पद्धति बसविली, त्यांवरील ग्रंथ त्यांनीं व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं मिळून १९३१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें ती इंदूर पद्धति म्हणून जगभर गाजली. घरगुती प्रमाणावर ती अशी: सुमारें एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तळाशीं काटक्या पसराव्या. त्यांवर वीतभर वाळला पाला, त्यावर चार बोटें ओला कचरा, म्हणजे भाजीचीं देंठें व खुरपलेलें तण, आणि त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, असे थरावर थर रचावे. ओलावा इतकाच असावा कीं मूठभर माल पिळला असतां हात ओला व्हावा, पण थेंब गळूं नये. महिन्यांतून एकदां सर्व माल वरखालीं करावा, कारण खत करणाऱ्या सूक्ष्म जंतूंस हवा लागते. थोड्याच दिवसांत खड्डा आंतून चांगला तापतो. तो तापणें हीच काम चालू असल्याची खूण होय. फेब्रुवारींत भरलेला खड्डा मृगाच्या पावसापर्यंत काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचें खत देतो. सगळाच पाला मात्र खड्ड्यांत घालूं नये. कांहीं पाला झाडांच्या आळ्यांत तीन-चार बोटें जाडीचा पसरावा. या आच्छादनानें माती तापत नाहीं व ओल टिकते. तें खोडास मात्र भिडूं देऊं नये, नाहीं तर साल कुजते व वाळवीचें फावतें.

आतां हिरवळीकडे वळूं. आपल्याकडील उत्तम हिरवळ हरळीची. हिलाच आपण गणपतीस वाहतांना दूर्वा म्हणतों. ही उष्ण हवेची वनस्पति असल्यामुळें पौषाच्या थंडींत ती झोपीं जाते व पिवळट दिसते. माघ संपतां संपतां जमीन उबदार झाली कीं तिच्या पेरांतून नवे कोंब निघूं लागतात. हीच तिच्या डागडुजीची वेळ. प्रथम दंताळ्यानें वाळलेल्या काड्यांचा साचलेला थर हलक्या हातानें ओढून काढावा. नंतर तण खुरपावें. लव्हाळा नुसता ओढल्यास पात तुटून हातीं येते व गांठ जमिनींत राहते. म्हणून खुरप्याचें टोंक खोल घालून गांठीसकट काढावा. गाजरगवत तर फुलावर येण्यापूर्वींच उपटावें. हें परदेशी तण भारतांत फैलावत असल्याचें १९५० नंतरच्या दशकांत पुण्यासच प्रथम लक्षांत आलें, आणि आज तें देशभर पसरलें आहे. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून किंवा हातास फडकें गुंडाळून तें काढावें.

वर्षभर पायांखालीं तुडवून जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते. तीवर पाणी घातलें तर तें वाहून जातें, मुळांशीं पोहोंचत नाहीं. यासाठीं वीत-वीत अंतरावर लोखंडी पहारीनें किंवा दांतेरी फावड्यानें चार बोटें खोल भोंकें पाडावीं. मग चाळलेली माती, जुनें खत व थोडी वाळू यांचें मिश्रण बोटभरापेक्षां कमी जाडीनें पसरून झाडूनें भोंकांत लोटावें. गवताचीं टोंकें वर दिसत राहतील, इतपतच हा थर असावा. कापणीचा नियम असा कीं, एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये, आणि ऊन वाढेल तसतसें गवत थोडें उंच, सुमारें दोन इंच, राखावें. उंच पात स्वतःच्याच मुळांवर सावली धरते. नवी हिरवळ लावावयाची असल्यास मात्र आतां लावूं नये. आतां जागा खणून, दगड वेंचून, खत घालून ठेवावी, व जून-जुलैमध्यें हरळीचे मुळांसकट तुकडे खोंचावे.

आतां आम्ही एक नाजूक प्रश्न वाचकांपुढें मांडतों. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचें, तर बरोबर एक लिटर लागतें. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद हिरवळ, म्हणजे शंभर चौरस मीटर, भर उन्हाळ्यांत हिरवीगार ठेवावयाची तर आठवड्यास पंचवीस मिलिमीटर पाणी देणें कांहीं फार नव्हे. त्याचा हिशेब होतो २५०० लिटर. शहरांतील मनुष्यास दररोज १३५ लिटर पाणी मिळावें असें आपल्या देशांतील प्रमाण धरतात. त्या मानानें चार माणसांच्या कुटुंबास साडेचार दिवस पुरेल इतकें पाणी ती एक हिरवळ आठवड्यांत पिते. आतां दुसरा हिशेब पाहा. गेल्या पावसाळ्यांत लावलेल्या झाडाच्या रोपास आठवड्यांतून दोन वेळां दहा-दहा लिटर पाणी दिलें तर तें उन्हाळा काढतें. म्हणजे त्या एका हिरवळीच्या पाण्यांत सव्वाशें रोपें जगतात. हिरवळ सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु हरळीचा एक विशेष गुण असा कीं, पाणी कमी पडलें तर ती वरून वाळते, मरत नाहीं. तिचीं भूमिगत पेरें जिवंत राहतात व पहिल्या वळवाबरोबर पुन्हां फुटतात. कोंवळ्या झाडास हा गुण नाहीं. तें एकदां वाळलें कीं वाळलें. म्हणून आमचें मत असें कीं, घरासमोर बसण्या-उठण्यापुरता हिरवळीचा लहानसा तुकडा राखावा, बाकीची पिवळी पडूं द्यावी, व तें पाणी झाडांस घालावें. पिवळ्या हिरवळीची लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं.

फुलझाडांपैकीं मोगऱ्याकडे या वेळीं विशेष लक्ष द्यावें. हिंवाळ्यांत त्याचें पाणी तोडलेलें असावें. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभीं त्याच्या फांद्या गुडघाभर उंचीवर छाटून, पानें खुडून, आळें उकरावें. शेणखत घालून मग भरपूर पाणी द्यावें. विश्रांति घेतलेलें झाड एकदम फुटतें व चैत्र-वैशाखांत कळ्यांनीं लगडतें. जास्वंदीची हलकी छाटणी चालेल. गुलाबाचीं सुकलेलीं फुलें व वाळक्या काड्या तेवढ्या काढाव्या. बोगनवेल याच दिवसांत फुलते, तिला हात लावूं नये. शेवंतीचा बहर संपला असेल. तिचे दांडे कापून बुंधे निमसावलींत ठेवावे, म्हणजे बाजूस फुटणारे कोंब पुढें पावसाळ्यांत लावतां येतात. पिटुनिया, फ्लॉक्स इत्यादि हिंवाळी फुलांचें बीं वाळवून, पुडींत बांधून, वर नांव लिहून ठेवावें. त्यांच्या रिकाम्या वाफ्यांत झिनिया, झेंडू व चिनी गुलाब लावावे. परसांत जागा असल्यास भेंडी, गवार, चवळी, काकडी व दोडका यांचें बीं फेब्रुवारींत टोंचावें. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी त्यांस आनंदानें चालतें.

कुंपण छाटण्यापूर्वीं मात्र आंत डोकावून पाहावें. बुलबुलाचें घरटें फेब्रुवारीपासून अशाच दाट झुडपांत असतें, आणि एका कात्रीच्या फटकाऱ्यानें तें उघडें पडलें तर कावळे पिल्लें उचलून नेतात. कोंवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवावा, किंवा साबणाचें पातळ पाणी शिंपडावें. त्यांतच ठिपक्यांचे लाल भुंगेरे फिरत असल्यास तेंही करूं नये. ते मावा खाऊन आपलें काम फुकटांत करीत असतात.

पाणी द्यावयाचें तें सकाळीं लवकर. दुपारीं दिलेल्या पाण्याचा बराच अंश वाऱ्यावर जातो. रोज थोडें थोडें शिंपडण्यापेक्षां तीन-चार दिवसांनीं एकदांच भरपूर द्यावें. रोजच्या शिडकाव्यानें मुळें वरच्या वर राहतात व एका दिवसाच्या खंडानें झाड मान टाकतें. खोल दिलेल्या पाण्याच्या शोधांत तीं खालीं जातात. याहूनही सोपी युक्ति मडक्याची. रंगरोगण न केलेलें साधें मातीचें मडकें रोपाच्या बाजूस हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें, व डांस होऊं नयेत म्हणून वर झांकण ठेवावें. मडक्याच्या अंगांतून पाणी हळूहळू झिरपतें. मुळें तिकडे ओढलीं जातात, आणि दोन-तीन दिवसांची निश्चिंती होते.

शेवटीं मुख्य गोष्ट. १९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली, तेव्हांपासून दर जुलैमध्यें शाळाशाळांतून रोपें लावलीं जातात. भाषणें होतात, छायाचित्रें निघतात. परंतु त्या रोपांचें भवितव्य जुलैमध्यें ठरत नाहीं. जुलैमध्यें पाणी आकाशांतून पडतें. तेव्हां कोणतेंही रोप जगतें. तें ठरतें फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, आणि नेमके त्याच वेळीं आपल्या परीक्षा येतात, मग सुटी लागते, मुलें गांवीं जातात, आणि अंगणांतील रोपांस पाणी घालावयास कोणी उरत नाहीं. जूनमध्यें शाळा उघडते तेव्हां लोखंडी जाळी तेवढी उभी असते, व आंत एक वाळकी काठी.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची विनंति अशी कीं, प्रत्येकानें आजच एक रोप आपलें म्हणून घ्यावें. शाळेंतलें, अंगणांतलें अथवा रस्त्याच्या कडेचें. त्याचें आळें नीट करावें, आच्छादन घालावें, एक मडकें पुरावें. आणि सुटींत गांवीं जावयाचें असेल तर शेजारच्या मित्रास सांगून जावें. पालकांनींही घरांतील धुण्या-विसळण्याचें पाणी त्यासाठीं काढून ठेवण्याची संवय लावावी. साबणाचें फार असेल तें तेवढें वगळावें.

तुकाराम बीजेस, फाल्गुन वद्य द्वितीयेच्या भर दुपारीं, आपल्या जवळच्या देहूस हजारों भाविक नांदुरकीच्या वृक्षापाशीं जमतात. अशा दुपारीं सावलीचें मोल कोणास सांगावें लागत नाहीं. जगांतील प्रत्येक सावली कोणीं तरी, केव्हां तरी, एका कठीण उन्हाळ्यांत राखली म्हणून आज आहे. बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत पहिल्या मनुष्यास बागेंत ठेवल्याचें वर्णन आहे, आणि तेथें त्यास दोन कामें नेमून दिलेलीं आहेत: एक मशागत, आणि दुसरें राखण. मशागत आपण पावसाळ्यांत उत्साहानें करतों. राखणीचे दिवस आतां सुरू झाले आहेत.